लेकरू गप्प का झालं?



वर्षावास सुरू झाला की आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असते. रविवारी वाचन संपल्यावर आम्ही अर्धा तास आरोग्याची बैठक घेतो. आमच्या गटात दोन निवृत्त परिचारिका, एक अंगणवाडी सेविका आणि एक आशा ताई आहेत. यंदा पावसाळा लागल्यापासून बैठकीतले निम्मे प्रश्न एक ते तीन वर्षांच्या लेकरांबद्दल आहेत, आणि त्यांतले बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात : “ताई, ताप तर काही नाही, पण पोट्टं पहिल्यासारखं नाही.”

हे वाक्य ऐकले की आता आम्ही हातातले काम बाजूला ठेवतो. पूर्वी ठेवत नव्हतो. ते का, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतली एक आई दीड वर्षाच्या मुलाला खांद्यावर घेऊन बैठकीला आली. म्हणाली, “दोन दिवसापासून खेळूनच नाही राहिला. नुसता खांद्यावर पडून राहते. खाऊन पण नाही राहिला.” आम्ही त्याच्या तोंडात बोट घालून हिरड्या पाहिल्या. मागच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. “दाढा येत असतील, बाई,” असे आम्हीच सांगितले. दीड वर्षाच्या सुमारास पहिल्या दाढा येतातच, त्यामुळे हे उत्तर अगदी पटण्यासारखे होते. तिसऱ्या रात्री आजीच्या लक्षात आले की पोराचे पोट लोहाराच्या भात्यासारखे चालले आहे. न्यूमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात राहून मुलगा बरा होऊन घरी आला, हे सुदैव. पण त्या संध्याकाळी आम्ही चौघींपैकी एकीनेही त्याचा सदरा वर करून श्वास मोजला नव्हता. त्याला एक मिनिट लागते.

म्हणून या वेळच्या पानावर तापाबद्दल कमी आणि वागण्याबद्दल जास्त लिहितो आहोत.

वागणे का बदलते

जंतू शरीरात शिरले की संरक्षक पेशी कामाला लागतात आणि काही रसायने रक्तात सोडतात. ती रसायने मेंदूपर्यंत संदेश पोचवतात. मग भूक मरते, झोप येते, खेळावेसे वाटत नाही, अंगाला कुणी हात लावलेला आवडत नाही. मोठ्या माणसाचेही हेच होते. आपण त्याला कणकण म्हणतो, दोन शब्दांत सांगतो आणि पांघरूण घेऊन पडतो. दीड-दोन वर्षांच्या लेकराकडे हे सांगायला शब्द नसतात. ‘डोकं दुखतं’ म्हणजे काय हेच त्याला कळत नाही. ते किरकिर करते, चावते, ताट ढकलते, आईचा पदर सोडत नाही. घरातले म्हणतात, “लाडावलं आहे.” कधी एक धपाटाही मिळतो.

इथे विनयपिटकातली एक गोष्ट आठवते. अतिसाराने आजारी पडलेला, आपल्याच घाणीत पडून राहिलेला एक भिक्खू भगवंतांना दिसला. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन नीट निजवले. ही गोष्ट आपण प्रवचनात पुष्कळदा ऐकतो. पण त्याच प्रसंगात पुढे भगवंतांनी सेवा करायला सोपा रोगी कोणता तेही सांगितले आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. जो आपला आजार वाढला तर वाढला, उतरला तर उतरला आणि तसाच असला तर तसाच आहे असे खरे खरे सांगतो, तो रोगी सोपा. आपले लेकरू हे सांगू शकत नाही, म्हणून ते कामही सेवा करणाऱ्याकडेच येते. वाढले, उतरले की तसेच आहे, हे दिवसातून तीन-चार वेळा पाहायचे आणि लक्षात ठेवायचे.

त्यासाठी आधी आपले लेकरू बरे असताना कसे असते ते ठाऊक हवे. किती वेळा लघवीला जाते, किती झोपते, हाक मारली की कसे वळते, कुणाला पाहून हसते. काही मुले मुळातच शांत, काही मुळातच हट्टी. शेजारच्या पोराशी तुलना करून काही कळत नाही. कालच्या त्याच्याशीच तुलना करायची. आजी, मोठी बहीण, पाळणाघरातली बाई यांचेही ऐका. आई दिवसभर कामावर असेल तर बदल आधी त्यांनाच दिसतो.

एक-दोन वर्षांच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-पडसे होणे हे नेहमीचेच आहे. प्रत्येक वेळी घाबरायचे नाही. आमची एक साधी परीक्षा आहे : ताप उतरला की लेकरू कसे वागते? तासाभराने उठून वाटी-चमचा वाजवू लागले, पाणी प्यायले, डोळ्यांत डोळे घालून हसले, तर बहुधा थांबून पाहता येते. ताप उतरूनही ते मलूलच असेल, नजर लागत नसेल, तर तापाच्या आकड्याकडे न पाहता दवाखाना गाठा.

काही ओळखीच्या खाणाखुणा

कान. लेकरू कान ओढते म्हणजे कान दुखतोच असे नाही. कान हे त्यांचे खेळणेही असते. पण आधी चार दिवस सर्दी झाली, मग ताप आला, दिवसा बरे आणि आडवे निजवले की किंचाळते, असे असेल तर कानच पाहावा लागेल. या वयात नाकाच्या मागून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचा संसर्ग तिथे लवकर पोचतो. झोपवून बाटलीने दूध पाजल्यानेही तो धोका वाढतो. कानात लसणाचे कोमट तेल घालायची आपल्याकडे फार सवय आहे. घालू नका. आणि रात्रभर रडणारे पोर पहाटे एकदम शांत झाले, उशीवर पिवळट पाणी दिसले, तर “फुटला, मोकळा झाला” म्हणून निश्चिंत होऊ नका. पडद्याला भोक पडून पू बाहेर आला आहे. दुखणे थांबले तरी आजार तिथेच आहे.

लघवी. याबद्दल आम्हाला सगळ्यांत जास्त सांगायचे आहे, कारण हे सगळ्यांत जास्त निसटते. सर्दी नाही, खोकला नाही, हगवण नाही, नुसता ताप, आणि लेकरू चिडचिडे. अशा वेळी लघवीची तपासणी झालीच पाहिजे, मुलींमध्ये तर नक्कीच. लघवी करताना रडणे, थेंब थेंब करणे, उग्र वास येणे या खुणा कधी दिसतात, कधी दिसतही नाहीत. दुसरी एक खूण : अडीच वर्षांची मुलगी ‘शू आली’ म्हणून सांगायला शिकली होती, कपडे कोरडे राहत होते, आणि आठवड्याभरात पुन्हा सगळीकडे ओले होऊ लागले. घरोघरी याला शिक्षा होते. आमच्या बैठकीत एका आईने कबूल केले की तिने मुलीला उन्हात उभे केले होते. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. त्या बाईला दोष द्यावा असे आम्हाला वाटले नाही. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की शिकलेली गोष्ट लेकरू अचानक विसरले तर आधी आजार शोधा, हट्ट नंतर.

चालणे. कालपर्यंत घरभर धावणारे लेकरू आज पाय टेकवत नाही, उभे केले की रडते, लंगोट बदलताना पाय हलवला की किंचाळते, आणि अंगात ताप आहे. “पडलं असेल कुठं” म्हणून मालिश करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. सांध्यात किंवा हाडात पू झालेला असू शकतो आणि सांधा कायमचा खराब व्हायला फार दिवस लागत नाहीत. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

तोंड. लाळ गळते आहे, आवडती भाकर दुधात कुस्करून दिली तरी ढकलते, पण भूक लागल्यासारखे रडते. तोंडात फोड आहेत का पाहा, तळहात आणि तळपायही पाहा. हातापायांवर पुरळ आणि तोंडात फोड असा विषाणूचा आजार या दिवसांत अंगणवाड्यांमधून फिरत असतो. बहुतेक वेळा आठवड्या-दहा दिवसांत जातो. तिखट-आंबट बंद, थंड पातळ पदार्थ सुरू. पण लाळ गळते आहे, मान पुढे काढून बसले आहे आणि श्वासाला आवाज येतो आहे, असे दिसले तर घसा पाहायच्या नादी न लागता तसेच बसलेल्या स्थितीत दवाखान्यात न्या.

रात्रीची खाज. मध्यरात्री उठून ढुंगण खाजवते, नीट झोपत नाही, दिवसभर चिडके. हे बारीक पांढरे जंत. अंगणवाडीत जंतनाशक दिन होतो तेव्हा अल्बेंडाझोलची गोळी मिळते. एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी, चुरून पाण्यात, आणि दोन वर्षांपुढे पूर्ण. नखे कापा.

हगवणीत वागणूकच सांगते

हगवण-उलटीत शरीरातले पाणी किती गेले हे ओळखायला यंत्र लागत नाही. लेकरू सावध आहे, खेळते आहे, नेहमीसारखे पिते आहे, तर ठीक. चिडचिडे आणि बेचैन झाले, डोळे खोल गेले, पाण्याचा पेला पाहिला की हपापून धरते, तर पाणी कमी झाले आहे. आणि तेच लेकरू शांत झाले, पेला पुढे केला तरी पीत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू खाली जाते, तर ते गंभीर आहे. लोकांची गफलत इथेच होते. दिवसभर रडणारे पोर निपचित पडले की घरात म्हणतात, “बरं झालं, डोळा लागला.” त्याला हाक मारा, गालाला हात लावा. धड जागे होत नसेल तर ती झोप नाही.

ओआरएसचे मोठे पाकीट एका लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये, प्रमाण चुकते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. दोन वर्षांपुढे अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. सोबत झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस. हगवण तीन दिवसांत थांबली तरी. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करायचे नाही.

श्वास मोजणे

लेकरू शांत किंवा झोपलेले असताना सदरा वर करा आणि मोबाइलवर पूर्ण ६० सेकंद लावून पोट किती वेळा वर येते ते मोजा. रडताना मोजू नका. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, कण्हत असेल, तर मोजत बसूच नका.

थांबायचे नाही अशा वेळा

काहीच पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही, प्यायलेले सगळे उलटून टाकते, झटका आला, निपचित आहे, ओळखत नाही. या चार खुणा प्रत्येक आशा ताईला शिकवलेल्या असतात. आम्ही त्यात आमच्या अनुभवाने दोन घालतो. एक, उचलून घेतले की जास्त रडणे. आजारी लेकरू कडेवर घेतले की थोडे तरी निवते. उलट किंचाळत असेल, मान ताठ असेल, उजेडात डोळे मिटत असेल, तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. दोन, अंगावर लाल-जांभळे ठिपके, जे काचेचा पेला दाबून पाहिले तरी फिके होत नाहीत. आपल्या सावळ्या लेकरांच्या पाठीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि खालच्या पापणीच्या आत पाहा.

विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. चांदीपुरा हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावातल्या रुग्णांच्या रक्तात प्रथम सापडला. २००३ साली आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्याने मोठी साथ आणली आणि २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा लेकरे गेली. वाळूमाशी चावून तो पसरतो; ही माशी मातीच्या भिंतींच्या फटींत आणि गोठ्याजवळ राहते. सकाळी खेळणारे लेकरू, दुपारी जोराचा ताप, उलट्या, झटका आणि बेशुद्धी, एवढ्या वेगाने हा आजार पुढे जातो. यावर नेमके औषध नाही, पण वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचलेल्या लेकराला श्वास आणि झटके सांभाळून वाचवण्याची संधी असते. फटी लिंपून घ्या, संध्याकाळी अंगभर कपडे घाला, बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवा.

डेंग्यूचे उलटे असते. तीन-चार दिवस कडक ताप, मग ताप उतरतो आणि घरात सगळे मोकळा श्वास घेतात. धोका नेमका तिथून पुढचे एक-दोन दिवस असतो. ताप नाही, पण लेकरू बेचैन किंवा फार सुस्त, पोट धरून रडते, सारख्या उलट्या, हातपाय थंडगार, लघवी कमी. अशा वेळी “आता ताप तर नाही” म्हणून घरी ठेवू नका.

झटका आला तर

कांदा नको, चप्पल हुंगवणे नको, दातांत चमचा नको, तोंडात पाणी नको. लेकराला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ पाहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाने येणारे बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि मेंदूला इजा करत नाहीत. पण पहिला झटका डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. पाच मिनिटांवर गेला, किंवा थांबल्यावर लेकरू शुद्धीवर येत नाही, तर १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

औषधाबद्दल थोडे

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचे : एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे दहा किलोच्या लेकराला १५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चार वेळांवर नाही. पण बाटलीवरचे आकडे वाचा. कुठल्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असते, कुठल्यात २५०, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच १००. “शेजारणीने एक चमचा दिला, आम्हीही दिला” यात दुप्पट डोस होतो. ॲस्पिरिन लेकरांना मुळीच नाही.

खोकल्याची औषधे लहान लेकरांना देऊ नका. २०२५ मध्ये छिंदवाडा भागात दूषित औषधाने लेकरे दगावली, आणि त्यांतली अनेक उपचारासाठी नागपुरातच आणली होती. किडन्या बंद पडून लघवी थांबणे ही तिथली मोठी खूण होती. सर्दी-खोकल्याच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा मागच्या वेळची उरलेली बाटली काढू नका.

आणि ती दुसरी वाट

हे लिहू नये असे आमच्यातल्या एकीचे मत होते, पण लिहितो. १९५६ साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आजी-आजोबांच्या घरातही लेकरू किरकिरले की मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात. संध्याकाळी कुणी तरी म्हणते, “बाहेरचं दिसते.” त्यात एक रात्र जाते, आणि वर सांगितलेल्या आजारांत एक रात्र फार असते. काही घरांत गंड्याच्या जागी आता परित्राणाचा दोरा आला आहे. परित्राण पाठाने आईच्या मनाला धीर येतो, आमचाही आला आहे. पण रिक्षा आधी बोलवा, पाठ रिक्षात म्हणता येतो.

बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली : गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. राजरत्न गेला १९२६ साली. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली, आणि औषध म्हणून हाती यायला आणखी दहा-पंधरा वर्षे गेली. आज गावच्या उपकेंद्रात ओआरएस आहे, झिंक आहे, गोवराची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत मोफत आहे. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराने लेकरे गेली, तेव्हा त्यांतली बरीचशी लस न घेतलेली होती. कार्ड काढून तारखा पाहा.

डॉक्टरांना काय सांगायचे

सरकारी दवाखान्याच्या रांगेत तीन तास उभे राहून आत दोन मिनिटे मिळतात. तिथे “बरं नाही” एवढेच सांगितले की एक पातळ औषध हातात पडते. आमच्या गटातल्या परिचारिका सांगतात की नेमके बोलणाऱ्या आईचे ऐकले जाते. कागदावर चार ओळी लिहून न्या : ताप कधीपासून आणि किती, शेवटची लघवी कधी, काय खाल्ले-प्यायले, आणि वागण्यात काय बदलले. “काल सकाळपासून चालत नाही.” “माझ्याकडे बघत नाही.” “श्वास मोजला, ५२ भरले.” लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. श्वास कसा चालतो याचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही दाखवता येतो. आणि डॉक्टरांनी “काही नाही, घेऊन जा” म्हटले, तरी कोणती खूण दिसली तर परत यायचे, हे विचारूनच बाहेर पडा. विचारल्याबद्दल कुणी खेकसले तर खेकसू द्या.

आजार गेल्यावरही लेकरू काही दिवस पूर्वीसारखे होत नाही. रात्री उठते, आईला सोडत नाही, सोडून दिलेले अंगावरचे दूध पुन्हा मागते. त्याला रागावू नका. अंगात शक्ती आली की हे कमी होते. दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्या, थोडे थोडे, वरून चमचाभर तेल किंवा तूप, जमेल तर अंडे. कान वाहिलेला असेल तर महिन्याभराने मागून हाक मारून पाहा, लेकरू वळते का. वळत नसेल तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या. वर्षावासात दर रविवारी वाचनानंतर आम्ही विहारातच असतो. कार्ड आणि लेकरू दोन्ही घेऊन या.